क्रेडिट कार्डवर घेतलेली चक्की आमच्या घरात चालतच नाही, पैसे परत मिळतात का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या गावातनं लिहायलोय. आमच्या वहिनीनं आणि तिच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून गणपतीच्या आधी भाजणी, तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ पॅक करून विकायचं ठरवलं, त्यासाठी दोन एचपीची चक्की ऑनलाईन मागवली. पैसे माझ्या क्रेडिट कार्डवरनं भरले, २८,५०० रुपये, बायका महिन्याला थोडे थोडे मला देणार असं ठरलेलं. वेबसाईटवर स्पष्ट लिहिलंय, "सिंगल फेज, घरगुती कनेक्शनवर चालते". चक्की आली, खोकं फोडलं, आणि मोटरच्या पत्र्यावर बघतो तर "३ फेज, ४१५ व्होल्ट". वायरमनला बोलावून टर्मिनलचं झाकण काढून बघितलं तर आत यू, व्ही, डब्ल्यू अशी तीन टोकं. आमच्यात सिंगल फेजचं मीटर, चालणार कशी?

विकणारा राजकोटकडचा. आधी म्हणाला मशीनमध्ये काही बिघाड नाही, त्यामुळं परत घेणार नाही. लईच मागं लागल्यावर म्हणतोय परत पाठवा, खरं ट्रान्सपोर्ट तुमचं. एवढं वजनाचं धूड, कुरिअरवाले आमच्या पिनकोडवरनं उचलत नाहीत, आणि ट्रान्सपोर्टला टाकायचं तर बेळगावपर्यंत टेम्पो करावा लागतो.

माझा प्रश्न एवढाच. वस्तू फुटलेली नाही, बंद नाही, नुसती आमच्या कामाची नाही. अशा वेळी कार्डवाली बँक पैसे परत काढून देते का? कुणाला अनुभव आहे का? गटाचे पैसे आहेत म्हणून जीव वर खाली व्हायलाय.

निपाणी_ते_नाना_पेठ
वेबसाईटच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढून ठेव भावा. उद्या तो "सिंगल"चं "थ्री" करून टाकंल.

मलप्रभाकाठ
काढलाय. ऑर्डरचा ईमेल पण आहे, त्यात पण सिंगल फेजच लिहिलंय.

अनगोळची_अक्का
ईमेलमध्येच लिहिलंय म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात डिस्प्यूटचंच, म्हणजे व्यवहारावरच्या तक्रारींचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला जे हवंय त्याला चार्जबॅक म्हणतात. म्हणजे तुमची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्ड किंवा रुपे जे नेटवर्क असेल त्याच्या मार्फत, दुकानदाराच्या बँकेकडनं पैसे मागं ओढते. हा काही सरकारी कायदा नाही, नेटवर्कचा आणि बँकांचा आपसातला नियम आहे, त्यामुळं तो त्यांच्या ठरलेल्या कारणांतच बसावा लागतो. "मला आवडलं नाही", "आता नको वाटतंय", "दुसरीकडं स्वस्त मिळालं" ही कारणं त्यात नाहीत. "सांगितलं त्याप्रमाणे वस्तू नाही किंवा सदोष आहे" हे कारण आहे. व्हिसात त्याचा कोड १३.३, मास्टरकार्डात ४८५३. तुमची केस यात अगदी नेमकी बसते. म्हणून बँकेशी बोलताना "आमच्या उपयोगाची नाही" हे शब्द सोडा. "सिंगल फेज म्हणून विकली आणि थ्री फेज पाठवली" असं म्हणा. पहिल्या वाक्याला कस्टमर केअरवाला तिथंच नाही म्हणतो, दुसऱ्या वाक्याला त्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते.

आता अटी. विकणाऱ्याकडं आधी लेखी तक्रार केलेली पाहिजे. फोनवर किती का भांडला असाल, कागदावर नसेल तर ते नाहीच. वस्तू परत केलेली पाहिजे किंवा परत करायची तयारी दाखवलेली पाहिजे, आणि त्यानं नकार दिला किंवा अडवलं तर तेही लेखी पाहिजे. मुदत नेटवर्कच्या नियमात साधारण वस्तू हातात पडल्यापासून १२० दिवस असते, खरं बँका आपल्या फॉर्मवर याहून कमी दिवस लिहितात, म्हणून थांबू नका. आजच ईमेल करा: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, मी परत द्यायला तयार आहे, तुमच्या खर्चानं उचलून न्या, पूर्ण रक्कम कार्डवर परत करा. सोबत नेमप्लेटचा, म्हणजे मोटरवरच्या त्या पत्र्याचा फोटो.

येळ्ळूरचा_गडी
अक्का एवढं सगळं कशाला, बिलच भरू नको म्हणावं. बँकेनं पैसे दिलेत, बँक बघून घेईल त्या राजकोटवाल्याला.

अनगोळची_अक्का
अजिबात नको. कळकळीनं सांगते, हे कुणीही करू नका. डिस्प्यूट टाकला म्हणजे बिल थांबलं असं होत नाही. बिल थकवलं तर पूर्ण बाकीवर व्याज सुरू होतं, आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. वर लेट फी, वर त्या दोन्हीवर जीएसटी, आणि सिबिल, म्हणजे कर्ज फेडीची नोंद, खराब. केस जिंकलात तरी सिबिलवरचा डाग लगेच जात नाही. बँकेला लेखी विचारा की डिस्प्यूटमधली रक्कम बाजूला ठेवताय का. काही बँका तात्पुरतं क्रेडिट देतात, काही देत नाहीत. उत्तर येईपर्यंत बिल भरत राहायचं.

चिकोडी_फास्ट
माझ्या मित्रानं एकदा सरळ "हा व्यवहार मी केलेलाच नाही, फ्रॉड आहे" म्हणून टाकलं, पटकन कार्ड ब्लॉक, पटकन पैसे. तसं करून बघा की.

अनगोळची_अक्का
चिकोडी, हे खोटं आहे आणि धोक्याचं पण आहे. ओटीपी तुमच्या मोबाईलवर आला, माल तुमच्या पत्त्यावर उतरला, डिलिव्हरीवर सही तुमची. बँक हे सगळं बघते. फ्रॉडसाठी रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला वेगळं परिपत्रक काढलेलं. तिसऱ्याच माणसानं केलेल्या व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर जबाबदारी नाही, ते यातलं. तो नियम ज्यांचे पैसे खरोखर चोरीला जातात त्यांच्यासाठी आहे. आपण तिथं खोटं लिहिलं की आपली खरी तक्रार पण मरते, कारण पुढं "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणायला तोंड राहत नाही.

मलप्रभाकाठ
नाही नाही, खोटं काही करायचं नाही. गटाच्या नावाचा प्रश्न आहे.

उद्यमबाग_फिटर
दादा तुमी उगंच टेन्शन घेतलाय. आमच्या उद्यमबागेत मोटर बदलून मिळते की. दोन एचपीची सिंगल फेज मोटर टाकायची, पुली तीच बसली तर बेल्ट पण बदलायला नको. जुनी थ्री फेज मोटर विकून टाका, कारखान्यात लगेच घेतील. काही जण तीच मोटर कंडेन्सर लावून सिंगल फेजवर चालवतात, खरं ताकद कमी पडते आणि मोटर तापते, पिठाच्या कामाला मी तरी सांगणार नाही. मशीन घेऊन या, बघून सांगतो.

खडेबाजार_बघा
किंवा हेस्कॉमकडं, आपल्या वीज कंपनीकडं, अर्ज करून थ्री फेज कनेक्शनच घ्या. पुढं धंदा वाढला तर लागणारच आहे.

अनगोळची_अक्का
फिटर दादांचा सल्ला मशीनच्या दृष्टीनं बरोबर असेल, पण पैसे परत हवे असतील तर त्या मोटरचा एक नट पण आत्ता हलवू नका. मोटर बदलली की विकणारा म्हणणार, "यांनी मशीन उघडलं, बदललं, आता परत कसं घेऊ". वस्तू आली त्या अवस्थेत ठेवायची, खोकं, थर्माकोल, पट्ट्या सगळं जपायचं. वायरमननं झाकण काढलं तेवढं ठीक, परत लावून ठेवा.

मलप्रभाकाठ
खोकं पावसात बाहेर होतं, आत्ता माळ्यावर टाकलं. ईमेल पण पाठवला. वहिनी म्हणते दादांचा मोटर बदलायचा सल्ला सगळ्यात सोपा, गणपती जवळ आलेत. खरं मला पटत नाही. मोटर, मजुरी, नेण्या-आणण्याचा टेम्पो, हा सगळा खर्च आम्ही का सोसायचा? त्यानं जे लिहिलं ते पाठवायला पाहिजे होतं.

शहापूरची_सून
अगदी बरोबर बोललात. आपल्याकडं लोक "जाऊ दे, कुठं भांडत बसायचं" म्हणून सोडून देतात, आणि म्हणूनच हे विकणारे असं लिहितात. मला पण असंच झालेलं, सोफा-कम-बेड घेतलेला, सहा फुटी म्हणून, आला तो पाच फूट चार इंच, आमचे हे त्यावर पाय दुमडूनच झोपायचे. टेप लावून फोटो काढला, टेपचे आकडे दिसतील असा, आणि ऑर्डर पानावरच्या मापाशेजारी ठेवून बँकेला पाठवला. बाकी काही लिहावंच लागलं नाही.

गणपत_गल्ली_दुकान
आता जरा आमची पण बाजू ऐका. माझं कपड्याचं दुकान आहे, कार्ड मशीन ठेवलंय, त्यामुळं चार्जबॅक दुसऱ्या बाजूनं बघितलाय. या भावाची तक्रार खरी आहे, त्याला पैसे मिळायलाच पाहिजेत. खरं सगळेच असे नसतात. साडी नेऊन हळदीत नेसून, घडीत अक्षता आणि अत्तराचा वास घेऊन परत आणतात, आणि घेत नाही म्हटलं की "बँकेला सांगते" म्हणतात. एकदा बँकेचं पत्र आलं की आमच्या खात्यातनं रक्कम अडकवतात, आणि बिल, सही, कॅमेऱ्याचं फुटेज आम्ही ठरलेल्या दिवसांत द्यायचं. दिवस चुकले की पैसे गेले. गावातल्या लहान दुकानदाराकडं त्यासाठी वेगळा माणूस नसतो. गिऱ्हाईकानं आधी दुकानात यावं, बोलावं. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

शहापूरची_सून
काका, वापरून आणलेल्याचं मी पण समर्थन करत नाही. पण "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी तुमच्या बिलावर आहे का हो? ती लिहिली म्हणजे सदोष माल पण घ्यायचा नाही असं बरेच दुकानदार समजतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. बिलावर जी मुदत असेल त्यात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत.

गणपत_गल्ली_दुकान
पाटी आहे. वडिलांच्या वेळेपासूनचं बिलबुक तसंच छापत आलोय. पुढच्या छपाईला "नेसलेला, धुतलेला माल परत नाही" एवढंच ठेवतो, ते न्यायाचं आहे. आणि सदोष निघाला तर मी कधी नाही म्हटलेलं नाही, विचारा गल्लीत.

येळ्ळूरचा_गडी
काका तुम्ही कार्डवर दोन टक्के जादा घेता का? 😀

गणपत_गल्ली_दुकान
नाही घेत. घेणारे आहेत. बँकेबरोबरच्या करारात ते गिऱ्हाईकाकडनं घ्यायचं नसतं.

टिळकवाडी_तिसरं_गेट
या दोन टक्क्यांवर माझं पण एक ऐका, फ्रिज घेतला, दोन टक्के वेगळे घेतले, आणि बिलावर ते कुठंच नाहीत, नुसती कार्डची स्लिप मोठ्या रकमेची. फ्रिज दोनदा बिघडून परत गेला तेव्हा दुकानदारानं बिलाएवढेच पैसे दिले. वरचे कशाचे दिलेत म्हणून सांगणार? तेव्हापासनं मी स्लिप आणि बिल यांचा आकडा जुळल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही.

लंडनहून_बेळगावकर
मूळचा वडगावचा, आता इथं. आमच्याकडं हे लई सोपं आहे. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५. शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजार पौंडांपर्यंतची वस्तू असली की विकणाऱ्याइतकीच कार्ड कंपनी पण कायद्यानं जबाबदार. विकणारा बुडाला, पळाला, तरी कार्ड कंपनीकडं मागता येतं. तुमच्या बँकेला तेच कलम दाखवा की.

अनगोळची_अक्का
तिथला कायदा तिथं. आपल्याकडं बँकेला विकणाऱ्याच्या जोडीनं जबाबदार धरणारं तसं कलम नाही, त्यामुळं ते दाखवून काही उपयोग नाही, उलट समोरचा म्हणेल यांना काही माहीत नाही. आपल्याकडं बँकेला काय बांधतं ते सांगते. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे निर्देश आहेत. त्यात ग्राहकानं बिलावर हरकत घेतली तर बँकेनं जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा द्यायचा, गरज असेल तिथं कागदोपत्री पुरावा पण द्यायचा. हे वाक्य तक्रारीत लिहा, त्याचा फरक पडतो.

आणि बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकट, ऑनलाईन. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना केलीय, त्यामुळं कुठल्या गावच्या शाखेचं कार्ड, कुठल्या राज्यातला माणूस हा प्रश्न राहिला नाही. फक्त आधी बँकेकडं तक्रार करून तिचा नंबर घेतलेला पाहिजे.

संकेश्वर_नाका
लोकपाल राजकोटवाल्याला काही करणार नाही, हे पण सांगा. तो फक्त बँक नीट वागली का ते बघतो.

अनगोळची_अक्का
हो, बरोबर. विकणाऱ्यासाठी ग्राहक आयोग.

निपाणी_ते_नाना_पेठ
ग्राहक आयोग म्हटलं की आमच्या भागातल्या लोकांचा पहिला प्रश्न, कुठला? आम्ही निपाणीकर खरेदीला निम्मे वेळा कोल्हापूरला. वस्तू कोल्हापुरात घेतली, राहतो कर्नाटकात, मग केस कुठं? १९८६ च्या जुन्या कायद्यात दुकान जिथं किंवा व्यवहार जिथं तिथं जावं लागायचं. माझ्या वडिलांनी त्या पायी एक पाण्याच्या पंपाची केस सोडून दिलेली, दर तारखेला कोण जाणार म्हणून. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नं हे बदललं, आता तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते. म्हणजे मलप्रभाकाठ भावानं राजकोटला जायची गरज नाही, बेळगावातच होतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील पाहिजेच असं नाही, दोन वर्षांच्या आत टाकायची. ऑनलाईन पण जाते, आता ई-जागृती नावाचं पोर्टल आहे.

मलप्रभाकाठ
खरंच? मला वाटलेलं गुजरातला जावं लागणार, म्हणून त्या वाटेचा विचारच सोडलेला. भाषेचं काय? वहिनीला मराठी सोडून लिहिता येत नाही, कन्नड बोलते खरं लिहीत नाही.

संकेश्वर_नाका
केसची कागदं इंग्रजी किंवा कन्नडमध्ये करून घ्या. मराठी बिल, मराठी चॅट असेल तर भाषांतर जोडा. त्याच्या आधी १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. सतरा भाषांत चालते, मराठी आहे, कन्नड पण आहे. वहिनींना मराठीतच बोलता येईल. ते कंपनीकडं तक्रार पाठवतात, निकाल देत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या तिथनं मेल आला की हलतात.

शहापूरची_सून
आणि ई-कॉमर्सचे २०२० चे नियम पण त्याच्या तोंडावर मारा. जाहिरातीत लिहिलेल्या गुणांप्रमाणे वस्तू नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक वेबसाईटला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. वेबसाईटच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचं नाव असतं. कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला मेल करा.

चिकोडी_फास्ट
माझं एक. कार्डवर ईएमआय केला असेल तर? मी मोबाईल परत केला, कंपनीनं पैसे कार्डवर टाकले, आणि तरी हप्ता कापतच राहिला.

अनगोळची_अक्का
लई जणांना हे होतं. रिफंड आला म्हणजे ईएमआय आपोआप बंद होतो असं धरून चालू नका. बँकेला फोन करून ईएमआय रद्द करा असं सांगावं लागतं, आणि रिफंडची रक्कम त्या कर्जालाच लावली का ते विचारावं लागतं. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी बहुतेक परत येत नाही. मलप्रभाकाठ, तुमचं ईएमआय आहे का?

मलप्रभाकाठ
नाही, एकदमच भरले.

टिळकवाडी_तिसरं_गेट
कॅश ऑन डिलिव्हरी असतं तर हा मार्गच नव्हता हे पण लक्षात घ्या मंडळी. आमच्या शेजाऱ्यांनी डिलिव्हरीवाल्याच्या हातात रोख दिले, खोक्यात भलतंच निघालं, आता भांडायचं कुणाशी. मोठी वस्तू अनोळखी वेबसाईटवरनं घ्यायची तर कार्डच बरं.

गणपत_गल्ली_दुकान
मोठी वस्तू गावातल्या दुकानातनं घ्यायची, हे त्याहून बरं. चक्की मारुती गल्लीत, रविवार पेठेत हात लावून बघून घेता आली असती. दुकानदारानं चालू करून दाखवली असती.

मलप्रभाकाठ
काका तुमचं म्हणणं मान्य आहे, खरं इथं भाव जास्त होता आणि गटाकडं तेवढे नव्हते. बायकांनी बिड्या वळून, कुणी दूध घालून जमवलेले पैसे आहेत. हजार-दोन हजाराचा फरक त्यांना लई मोठा.

मलप्रभाकाठ
मंडळी, बरेच दिवस झाले, काय झालं ते सांगतो.

विकणाऱ्यानं माझ्या ईमेलला उत्तर दिलं, त्यात त्यानंच लिहून दिलं की "चुकून थ्री फेज मॉडेल गेलं असेल, पण परत पाठवायचा खर्च ग्राहकाचा". अक्का म्हणाल्या तसं ते उत्तर, नेमप्लेटचा फोटो, ऑर्डरचा ईमेल, वेबसाईटचा स्क्रीनशॉट असं सगळं बँकेला डिस्प्यूट फॉर्मबरोबर दिलं. फोनवरच्या मुलीनं आधी "सर, प्रॉडक्ट वर्किंग आहे ना, मग होणार नाही" म्हणून सांगितलं. मी म्हटलं, सिंगल फेज म्हणून विकलं आणि थ्री फेज पाठवलं, वर्णनाप्रमाणे नाही या कारणाखाली घ्या, आणि तक्रार नंबर द्या. मग घेतलं. तात्पुरतं क्रेडिट कार्डवर आलं.

त्याच्या नंतर विकणाऱ्याच्या बँकेकडनं उलट उत्तर आलं. त्यानं काय जोडलं होतं माहीत आहे? मॉडेलचं छापील माहितीपत्रक, त्यात सिंगल फेज लिहिलेलं. म्हणजे त्याचं म्हणणं, आमचं मॉडेल सिंगल फेजच आहे, ग्राहक खोटं बोलतोय. बँकेनं मला विचारलं. मी मोटरच्या पत्र्याचा परत फोटो काढला, या वेळी मशीनवरचा सिरीयल नंबर आणि खोक्यावरच्या लेबलचा सिरीयल नंबर एकाच फोटोत येतील असा. खोकं माळ्यावर जपून ठेवलं होतं म्हणून हे जमलं. शिवाय वायरमनकडनं लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेतल्या, की ही मोटर थ्री फेजची आहे आणि घरचं कनेक्शन सिंगल फेज आहे.

वहिनीनं १९१५ ला पण फोन केला, मराठीत बोलली, तिला लई बरं वाटलं. मागनं वेबसाईटवाल्यांचा फोन आला आणि बेळगावच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा टेम्पो घरापर्यंत पाठवला. उचलताना आम्ही पावतीवर "मशीन न वापरलेलं, मूळ खोक्यात" असं लिहून सही घेतली. २८,५०० पूर्ण परत.

अनगोळची_अक्का
छान केलंत. सिरीयल नंबर एकाच फोटोत हे तर फारच उत्तम. आता एक शेवटचं काम. विकणाऱ्यानं स्वतः रिफंड टाकला आणि बँकेचं तात्पुरतं क्रेडिट पण आहे, असं दोन्ही झालंय का बघा. दोनदा आले असतील तर खर्च करू नका, बँकेला कळवून डिस्प्यूट बंद करायला सांगा, नाहीतर पुढच्या स्टेटमेंटला ते उलटं लावतील आणि तुम्हाला वाटेल परत कापले.

मलप्रभाकाठ
बघितलं. दोनदाच आलेत अक्का! आत्ता बँकेला मेल करतो.

उद्यमबाग_फिटर
मग दादा चक्कीचं काय? गणपती तर आले.

मलप्रभाकाठ
शेजारच्या गावातल्या गिरणीत पहाटेची वेळ ठरवून घेतलीय, बायका तिथंच दळायल्यात, भाजणीच्या ऑर्डरी चालू झाल्या. दिवाळीच्या आधी चक्की घ्यायचीय. रविवार पेठेत जाऊन नेमप्लेट वाचून, चालवून बघूनच घेणार. फिटर दादा, बरोबर येणार का? आणि पिठाच्या जाळ्या कुठल्या चांगल्या, स्टीलच्या की पितळेच्या?

उद्यमबाग_फिटर
येतो की. मंगळवार सोडून कधीपण. जाळी स्टीलची घ्या, आणि नाचणीसाठी बारीक वेगळी लागंल, ती दुकानदाराकडनं आधीच मागून घ्या.